शिळं पाणी

धुळे जिल्ह्यातल्या आमच्या गावात नळ आठवड्यातून एकदा यायचा. घरात आम्ही पाच जण, ड्रम एक. अंघोळ घमेल्यात बसून करायची, म्हणजे तेच पाणी धुणं भिजवायला कामी यायचं. शेवटच्या दिवशी माय ड्रम तिरपा करून तळाचं पाणी वाटीने काढायची. नवं पाणी आलं की मात्र उरलेलं शिळं म्हणून मोरीत ओतायची. ओंजळभर असायचं ते.

मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. पाइपच्या कारखान्यात नोकरी लागली, जळगावात मेहरूणला एकटीने खोली घेतली. बहिणी सासरी गेल्या, वडील वारले, गावी माय एकटी उरली. मागच्या महिन्यात ती मोरीजवळ घसरली. बहीण म्हणाली, तिला जळगावला घेऊन जा. माय घर सोडायला तयार नव्हती.

मी गेले तो नळाचाच दिवस होता. माय एक हात कमरेवर ठेवून ड्रममधलं पाणी बादली-बादलीने मोरीत ओतत होती. ड्रम निम्म्याहून जास्त भरलेला. घसरली कशी, ते कळलं.

"माय, काय करी ऱ्हायनी?"

"नवं पानी उनं. शिळं कोन पी?"

"झाकेल पानी शिळं व्हत नही."

"मोठी ग्रॅज्युएट! मंग भाकर बी आठ दिन झाकी ठेव."

मी हसले. ती हसली नाही. बादली खाली ठेवून म्हणाली, "तुम्ही बठ्ठा व्हतात तवय शिळं व्हवाले उरेच नही."

आम्ही सगळे होतो तेव्हा उरायचंच नाही; पाच जणांचा ड्रम ती अजून एकटीसाठी भरत होती.

मी त्यातलंच पाणी गाळून पेलाभर प्यायले. ती बघत राहिली. "पोट दुखनं ते मनं नाव लेवानं नही," म्हणाली.

मुक्काम वाढवला. ड्रमला खाली तोटी बसवली, वर घट्ट झाकण. भरायला नळापासून नळी. पिण्यासाठी वेगळी छोटी टाकी. तिच्यातलं उरलेलं पाणी धुण्याभांड्याला. मोरीचा पाइप अंगणातल्या लिंबाकडे वळवला.

आता नळाच्या दिवशी मी जळगावच्या खोलीतून फोन करते. माय म्हणते, "पानी उनं. पन ड्रम अजून भरेलच शे." भरलेला ड्रम रिकामा करायला घरात आता कोणी नाही.

पण ती आता वाकत नाही, पाणी फेकत नाही, आणि स्वतःच्या घरात राहते.