गंधकाच्या फिल्टरचा वास

रश्मी परळच्या चाळीत एकटी राहायची. लोअर परळच्या ऑफिसात अकाउंट्स बघायची आणि उरलेला सगळा जीव घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत. जिवंत प्रवाळ, क्लाउनमाशांची जोडी, एक पिवळा टँग मासा.

गेल्या वर्षी पाण्यात नायट्रेट वाढलं आणि प्रवाळ तपकिरी पडायला लागलं. पाणी बदलून बदलून ती थकली. शेवटी तिने गंधकाचा फिल्टर बसवला. बंद नळकांड्यात गंधकाचे दाणे, त्यातून पाणी थेंबथेंब जायचं. आत ऑक्सिजन संपला की तिथले जिवाणू नायट्रेट खातात. पाणी जितकं सावकाश तितकं स्वच्छ, असं समजून तिने नळ आणखी आवळला.

एका गुरुवारी दुपारी मीटिंगमधून बाहेर येऊन फोन पाहिला, तर शेजारच्या कांताकाकूंचे मिस्ड कॉलच मिस्ड कॉल. तिने फोन लावला.

"धावत ये गो! तुझ्या घरात गॅस लीक झालो हा. अख्खो मजलो खाली उतरलो हा!"

सकाळी शेगडी बंद केली होती ना?

चाळीच्या अंगणात सगळे उभे. पलीकडच्या खोलीतले रामजीकाका पुढे आले. "घाबरू नको पोरी. ठिणगी नको म्हणून जिन्याखालचा तुझा मेन स्विच सकाळीच पाडलाय."

"सकाळीच?" म्हणजे टाकीचा पंपही तेव्हापासून बंद.

ती जिना चढून पळाली. दार उघडताच सडक्या अंड्यांचा भपकारा आला. सिलिंडर बंदच होता. वास येत होता फिल्टरमधून. मिठाने नळ तुंबून आतलं पाणी कुजलं होतं. पंप गप्प. क्लाउनमासे वर येऊन तोंडं उघडत होते, टँग कुशीवर पडलेला.

"काका, स्विच चालू करा! गॅस नाहीये, फिल्टरचा वास आहे!"

पंप घुरघुरले. तिने फिल्टर टाकीपासून सोडवला, खिडक्या उघडल्या आणि पाण्यात हवा मिसळावी म्हणून टाकीतलंच पाणी तांब्याने उंचावरून परत ओतत राहिली. दुसरा तांब्या कांताकाकूंनी घेतला.

जोडी जगली. टँग संध्याकाळी गेला.

"माझ्यामुळेच ना गं?" रामजीकाकांनी दारातूनच विचारलं.

"नाही काका. नळ मी आवळला होता." ती रडली नाही. नुसती टाकीकडे बघत बसली.

पुढे तिने नळकांडं धुऊन, पाण्याची धार वाढवून फिल्टर पुन्हा लावला. नायट्रेट हळूहळू उतरलं, प्रवाळाला जांभळा रंग आला. टँग मात्र तिने परत आणला नाही.