पाणी पिणारे खोत

"आधी पाणी द्या," असे म्हणून ते दुकानाच्या दारात चपला काढीत. भाड्याचा विषय पाणी पिऊन झाल्यावर. दुबईत भाडे वसूल करणारा माणूस चपला काढून आत जातो, हे तुम्ही पाहिले नसेल. मीही दुसरा पाहिला नाही.

मुहैस्नाहमध्ये आमच्या अरबाबांच्या, म्हणजे मालकांच्या, लहान दुकानांची एक ओळ आहे. तिची वसुली या गृहस्थांकडे होती. मी जुमेरा लेक टॉवर्समधल्या कचेरीत हिशेब पाहत असे. ते रत्नागिरीकडचे. त्यांच्या पणजोबांना इंग्रज कलेक्टराने गावच्या खोतीवर नेमले होते: कुळांकडून वसूल करायचे आणि सरकारात भरायचे. म्हणून कचेरीत सगळे त्यांना खोत म्हणत. ते रागावत नसत. भाडेकरूंना तेही कुळेच म्हणत.

"साहेब, माझी कुळं एसीत बसतात. पणजोबांच्या नशिबी हे नव्हतं."

पाण्याचे कारण त्यांनी मला एकदाच सांगितले. वसुलीच्या दिवशी पणजोबा कुळाच्या घरी पाण्याचा थेंब घेत नसत. ज्याचे पाणी प्यायले, त्याचे भात खळ्यावरून उचलता येत नाही, अशी गावची समजूत होती.

"नेमणूक टिकवायची तर तहान मारावी लागते, असं ते सांगायचे," ते म्हणाले. "मला तहान फार लागते."

पुढे अरबाबांनी त्यांना सर्व इमारतींचे व्यवस्थापक नेमायचे ठरवले. त्या पगारावर फॅमिली व्हिसा मिळणार होता. बायको लग्नापासून गावीच होती. त्यांनी लगेच कुकर विकत घेतला आणि त्याची किंमत दिरहॅममध्ये, मग रुपयांत, साऱ्या कचेरीला ऐकवली. माणसाआधी कुकर आला, अशी थट्टा झाली. शिट्ट्या मोजणारीही येईल, इन्शाल्ला, असे त्यांचे उत्तर होते.

नेमणुकीआधी एक काम करून दाखवायचे होते. एका शिंप्याचे भाडे थकले होते. त्याच्या दुकानाला कुलूप लावायचे. साक्षीला मला पाठवले.

शिंपी हैदराबादचा. ईदचे कपडे शिवून होईपर्यंत त्याने मुदत मागितली. त्या दिवशी प्रथमच खोत पायांत चपला ठेवून दारात उभे होते, हातात कुलूप. ऊन डोक्यावर होते. शिंप्याने सवयीने स्टीलचा ग्लास भरला आणि पुढे धरला.

"खोतसाब, पानी."

ते ग्लासाकडे पाहत राहिले.

"खोत, आज नको," मी म्हणालो. "कुकर आठवा."

"तोच आठवतोय, साहेब."

त्यांनी चपला काढल्या, आत जाऊन बसले, सावकाश पाणी प्यायले. ग्लास उपडा ठेवला. कुलूप माझ्या हाती दिले.

"खलास. आता हे दार माझ्याच्यानं बंद व्हायचं नाही."

ईदच्या शिलाईवर शिंप्याने भाडे चुकते केले. तोपर्यंत नेमणूक दुसऱ्याला मिळाली होती. काही महिन्यांनी खोत कायमचे गावी गेले. सामान थोडे होते. कुकर मात्र त्यांनी मांडीवर घेऊन नेला.

मध्यंतरी सदऱ्याच्या बाह्या कमी करायला मी त्या दुकानात गेलो. नवा वसुलीवाला बूट घालून दारातच उभा होता, फोनवर भाड्याची तारीख बजावत. मी त्याच्या बाजूने वाट काढली, चपला काढल्या आणि आत गेलो. शिंप्याने काही न विचारता ग्लास भरला.

मला तहान नव्हती. प्यायलो.