मानेवरचा वण

नव्वदनंतरची गोष्ट. जळगावला डॉक्टरांकडे वडिलांना घेऊन बसलो होतो. त्यांच्या मानेतली रक्तवाहिनी अरुंद झाली होती. मुंबईला ऑपरेशन केलं तर लकवा टळेल, पण ऑपरेशनमध्येच लकवा होण्याचाही धोका आहे, हे ऐकल्यापासून वडील नाहीच म्हणत होते.

शेजारी चोपड्याकडची एक अक्का होती. आमचं बोलणं ऐकून तिने पदर सरकवला. कानाखालून लांब वण उतरला होता. ऑपरेशनपासून तिचा आवाज घोगरा झालेला.

"भीती नाही वाटली?" वडिलांनी विचारलं.

"वाटनी ना, आबा. डॉक्टरनी बठ्ठा धोका सांगा. पोऱ्या म्हने, कागदवर सही मी करस. मी सांगं, मान मनी शे, सही बी मीच करसू."

तिचा नंबर आला. पदर नीट करून ती आत गेली. सगळा धोका ऐकूनही इतकं शांत राहिलेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

वडिलांनी त्याच दिवशी मुंबईसाठी चिठ्ठी मागितली. ऑपरेशननंतर ते अकरा वर्षं जगले. दाढी करताना वणाच्या बाजूला वस्तरा लागलेला कळत नाही, एवढीच त्यांची तक्रार असायची.