कडा कळलेलं बाळ

मी रांगणाऱ्या बाळांच्या मागे फिरते असं सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, त्यात शोधण्यासारखं काय आहे? बाळ रांगतं, मग चालतं, मग आईबापांना पळवतं. तळेगावात बालवाडी चालवत होते तेव्हा मीही हेच म्हटलं असतं. बालवाडी बंद पडली, पुण्याच्या एका संशोधन प्रकल्पाला मावळातली घरं फिरायला बाई हवी होती, आणि मी या कामात पडले. काम तसं सोपं. आठवड्यातून एकदा जायचं, कोपऱ्यात बसायचं, बाळ कुठे जातं, काय उचलतं, काय तोंडात घालतं, पडलं तर कसं सावरतं ते फोनच्या कॅमेऱ्यात टिपायचं. हाक मारायची नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला तासभर गप्प बसणं म्हणजे शिक्षाच होती, पण हळूहळू तिची गोडी लागली.

पुण्याच्या मॅडमनी आम्हाला सुरुवातीलाच समजावलं होतं की बाळ हलतं म्हणून शिकतं. कडेवर बसून जग दिसतं, पण कळत नाही. रांगायला लागलं की लांबची वस्तू हाताशी येते, दाराआडची सापडते, अर्ध्या वाटेत थांबून आईकडे वळून ‘जाऊ का?’ असं डोळ्यांनी विचारता येतं. हे सगळं मला पटलं, कारण बालवाडीत पाहिलेलं होतं. एक गोष्ट मात्र पुढे, आम्ही घरं फिरू लागल्यावर, अशी सांगितली की त्या संध्याकाळी लोकलनं परत येताना घोरावाडीला, माझ्या स्टेशनवर, उतरायचं राहून गेलं आणि मी तळेगावला जाऊन पोचले.

रांगणारं बाळ ठेचकाळत, आपटत उतार आणि कड ओळखायला शिकतं. मग ते कडेशी आपणहून थांबतं. पण तेच बाळ उभं राहून चालायला लागलं की त्याच कडेवरून बेधडक पाऊल टाकतं. गुडघ्यांनी शिकलेलं पायांना येत नाही, सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं. शिवाय रांगताना डोळ्यांपुढे जमीन असते. उभं राहिल्यावर माणसं दिसतात, झाडं दिसतात, आभाळ दिसतं आणि पायाखालची जमीन नजरेतून जाते. मॅडम हे अगदी सहज बोलून गेल्या. माझ्या डोळ्यांपुढे मात्र तेव्हाच लोहगडवाडीच्या एका घराचं अंगण आलं होतं.

त्या घराची पुढची बाजू म्हणजे गडावर जाणाऱ्यांसाठीची टपरी. पिठलं-भाकरी, भजी, लिंबूसरबत. बाळाचे आईबाप टपरीत राबायचे आणि बाळ मागच्या अंगणात आजीपाशी असायचं. अंगण जिथं संपतं तिथं दगड रचून उभारलेली ताल आहे आणि तिच्याखाली, दोन पुरुष खोल, ओढ्यातले धोंडे. कठडा नाही. पहिल्या दिवशी मी ते बघतच होते. तेवढ्यात बाळ रांगत रांगत थेट तिकडेच निघालं. मी उठणार, तर आजीनं, जिला मी मावशी म्हणायचे, हातानंच मला बस म्हणून खुणावलं. बाळ कडेशी पोचलं, पोटावर लोळलं, मान पुढे काढून खाली बघितलं, एक हात मोकळ्या हवेत घालून चाचपलं आणि मागे फिरलं.

“कळतो त्याला कडा,” मावशी म्हणाल्या. “आमच्यात पोर रांगाया लागलं की कडा दावत्यात. एकदा दावला की पोरगं फसत न्हाई.”

कडा दाखवायची त्या घराची एक रीत होती. बाळ रांगू लागलं की घरातल्या थोरल्या माणसानं त्याला तालीवर पालथं घालायचं, दोन्ही घोटे घट्ट धरायचे आणि खाली बघू द्यायचं. मग त्याच्या डोळ्यांसमोर एक नारळ खाली सोडायचा. तो धोंड्यावर फुटल्याचा आवाज बाळाच्या कानात बसला पाहिजे. त्यानंतर साखर भरवायची, की बाळ शहाणं झालं. मला ते ऐकून शहारा आला, पण खोटं कशाला बोलू, कौतुकही वाटलं. आमचा सगळा प्रकल्प जे शोधत होता ते यांनी एका नारळात बसवलं होतं. पावसाळ्यात धुकं इतकं दाटायचं की ताल कुठे संपते ते मला दिसायचं नाही. बाळ त्या पांढऱ्यात रांगत जायचं, हातानं कड चाचपायचं आणि परत यायचं. गडावर आलेली पोरं-पोरी त्याचे रील काढायच्या आणि मावशींची छाती फुगायची.

मावशींना कड्याची भीती नव्हतीच. त्यांची भीती अंगणाच्या दुसऱ्या बाजूला बसलेली असायची. अंगण दोन भावांचं, मध्ये दगडांची एक ओळ. पलीकडच्या ओट्यावर मावशींची धाकटी जाऊ तांदूळ निवडत बसायची. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. ती कधी बोलली नाही, पण बाळ अंगणात आलं की सुपातला तिचा हात थांबायचा आणि नजर बाळावर खिळायची. ती नजर मलाही आवडत नसे. मावशी लगेच उठून पदराचा आडोसा करायच्या. बाळाच्या टाळूला काजळाचा ठिपका, मनगटात काळा दोरा, उंबऱ्याला बिब्बा, हा सगळा बंदोबस्त त्या एका बाईसाठी होता.

बाळाच्या आईनं एकदा भजी तळता तळता मला सांगितलं. मावशींचा पहिला मुलगा त्याच तालीवरून पडून गेला होता. मावशी पाण्याला गेल्या होत्या आणि पोर जावेच्या स्वाधीन होतं. खाली उतरून त्याला उचलून आणलं तेही तिनंच. त्या पोरालाही रीतीप्रमाणे कडा दाखवलेला होता. कडा कळलेलं पोर आपोआप कसं पडेल? मूल नसलेल्या बाईच्या मनात काय असेल ते कुणी सांगावं? वाडीत कुणी उघड बोललं नाही, पण त्या दिवसापासून दोन्ही घरांचा शब्द तुटला. आईनं हे सांगताना आवाज खाली आणला, कारण सासूला आवडत नसे. तो किती मोठा होता, असं मी विचारलं. तिला माहीत नव्हतं. ती तेव्हा या घरातच काय, या जगातही नव्हती.

मॅडमचं ते बोलणं कानात बसलं आणि मी स्वस्थ राहू शकले नाही. प्रकल्पाचा नियम काही असो, मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, चित्रीकरण मरू दे, आधी त्यांना सांगा. मी सांगितलं. मावशी हसल्या. एवढे पावसाळे काढले, पुस्तकातली बाई आम्हाला कडा शिकवणार, असा तो भाव होता. बाळाचा बाप समजूतदार, जाळी लावतो म्हणाला. मी दर खेपेला विचारायचे आणि तो दर खेपेला लावतोच म्हणायचा. दिवाळीनंतर गडावर गर्दी उसळली, टपरीतून त्याला मान वर करायला फुरसत नव्हती. जाळीचं भेंडोळं घराच्या भिंतीला टेकून उभं होतं आणि त्याच्यावर बाळाची दुपटी वाळत होती.

आणि बाळ उभं राहू लागलं. आधी पाळण्याचा पाय धरून, मग मावशींचा पदर धरून. एरवी मला अशा वेळी आनंद होतो. या बाळाच्या बाबतीत मात्र मी देवाला सांगत होते की अजून थोडं रांगू दे रे बाबा. घरी भांडी घासतानाही मला ती ताल दिसायची. नवरा म्हणाला, तू त्या पोराची आजी आहेस का? मी त्याच्यावर उगाच डाफरले.

एका रविवारी गेले तर मावशींनी दारातच बातमी दिली. पोरगं चालायला लागलं होतं. आईबाप टपरीत गर्दीत बुडालेले. हवा कोरडी होती, गडावरून वारं येत होतं. मी मावशींना म्हटलं, जाळी लागेपर्यंत त्याला घरातच ठेवा. त्या म्हणाल्या, “बाई, तुमी लय भिता.” मी फोन हातात घेतला, पण बसले ती या खेपेला कोपऱ्यात नाही, तालीच्या बाजूला जाऊन बसले.

बाळ दाराची चौकट धरून उभं राहिलं. हात सोडून चार पावलं टाकली, धपकन बसलं, पुन्हा उठलं. अंगणात जावेचा तांबडा कोंबडा होता. बाळ त्याच्यामागे निघालं. कोंबडा डौलात तालीच्या कडेशी गेला, मान वाकडी करून त्यानं बाळाकडे पाहिलं आणि पंख फडफडवत खाली उतरला. बाळ थांबलं नाही. त्याची मान वर होती, तोंड उघडं, दोन्ही हात समोर.

तेवढ्यात पलीकडच्या ओट्यावरून सूप पडल्याचा आवाज आला. जाऊ उठली होती. दगडांची ओळ ओलांडायला धावत येत होती, हात पुढे करून. मावशींनी तिलाच पाहिलं, फक्त तिलाच. त्यांची बाळाकडे पाठ झाली आणि त्या ओरडल्या, “तितंच थांब. त्याला हात लावायचा न्हाई.”

आणि ती थांबली. इतक्या वर्षांनी कानावर पडलेला पहिला शब्द, आणि तिनं तो पाळला.

मी फोन टाकला. माझे गुडघे वर्षभर कुरकुरताहेत, तरी कशी पोचले मला माहीत नाही. बाळाचं एक पाऊल तालीच्या बाहेर गेलेलं होतं. माझ्या मुठीत त्याचा स्वेटर आला आणि मी मागे पडले, बाळ माझ्या पोटावर. कडेचा एक दगड सुटून खाली गेला. क्षणभर काहीच नाही, आणि मग धोंड्यावर आपटल्याचा आवाज आला. बाळाला काही कळलं नव्हतं. ते कोंबड्यासाठी रडू लागलं.

मावशी वळल्या. माझ्याकडे, बाळाकडे, मग तालीकडे बघत राहिल्या. मला धाप लागली होती आणि रागही आला होता, पण त्यांचं तोंड पाहून राग कुठल्या कुठे गेला.

“त्याला कळत व्हता कडा,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, “रांगताना कळत होता, मावशी. उभं राहिलं की पुन्हा शिकावं लागतं. बहुतेक बाळांचं असंच असतं.”

“समद्यांचंच? कडा दावला तरी?”

“दाखवला तरी.”

त्यांनी बाळ माझ्याकडून घेतलं नाही. तालीच्या दगडावर बसल्या, पदराचं टोक तोंडाला लावलं. पुढचा प्रश्न त्यांनी इतक्या हळू विचारला की वाऱ्यात जेमतेम ऐकू आला.

“म्हंजी कुणी ढकलाया लागत न्हाई?”

त्या या बाळाबद्दल विचारत नव्हत्या, हे मला समजलं होतं. नाही म्हटलं तर या बाईचं उभं आयुष्य कोसळतं, आणि खोटं होय म्हणायला माझी जीभ रेटेना.

“नाही,” मी म्हटलं. “आपणहून जातात.”

टपरीत कुणीतरी आणखी भज्यांची ऑर्डर देत होतं. बाळाची आई धावत आली, तिनं बाळाला छातीशी धरलं, काय झालं, काय झालं म्हणून विचारत राहिली.

“माजं नुकतंच चालाया लागलं व्हतं,” मावशी म्हणाल्या. मला नाही, कुणालाच नाही.

मग त्यांनी मान वर करून पलीकडे पाहिलं. जाऊ अजून तिथंच उभी होती, दगडांच्या ओळीपलीकडे, थांब म्हटलं होतं तिथं. पायाशी तांदूळ सांडलेले, हात अजून अर्धे पुढे. मावशींनी हाक मारायला तोंड उघडलं. ओठ हलले, पुन्हा हलले, पण जावेचं नाव त्यांच्या तोंडून निघेना.