संडासातला दिवा

माझा दादा हल्ली वीज वाचवतो. चौलला आमच्या नारळी-पोफळीच्या वाडीत त्याने पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या, आणि तेव्हापासून दर महिन्याला बिल आलं की त्याचं तोंड कडू व्हायचं. मग मोबाइलवर कसले कसले व्हिडिओ बघून तो घराच्या मागे लागला. कमी विजेचे पंखे आले, नवा फ्रिज आला, सगळीकडे एलईडी लागले. इथपर्यंत मला कौतुकच होतं, उगाच खोटं कशाला लिहू. बिल खरंच खाली आलं आणि दादा हवेत गेला. दिवाळीच्या सुट्टीत मी माहेरी गेले, तर चहाच्या आधी मला सगळं घर फिरवून दाखवलं.

आमचा संडास मागच्या बाजूला. पूर्वी त्याला खिडकी होती, दिवसा दिवा लागायचाच नाही. पाहुण्यांच्या खोलीची भिंत उभी करताना दादाने ती बुजवली, त्यामुळे आता भर दुपारीही आत मिट्ट काळोख. आई दिवा बंद करायला विसरते म्हणून त्याने तिथे सेन्सर बसवला. माणूस आत शिरला की दिवा आपोआप लागतो, हालचाल थांबली की विझतो.

आईचे गुडघे गेलेत. तिला बसायला वेळ लागतो आणि उठायला त्याहून जास्त. त्या दुपारी ती आत होती आणि मी मागच्या पडवीत कपडे वाळत घालत होते. दाराच्या फटीतला उजेड गेला. परत आला, परत गेला. मी हाक मारली.

"काही नाही गं, हात हलवत्येय," आई आतून म्हणाली. "त्याला कळायला हवं ना, आत माणूस आहे."

मला आधी हसू आलं, मग अंगणाकडे नजर गेली. तिथे पाहुणे समुद्रावरून ओल्या अंगाने येऊन आत-बाहेर करत होते, खोलीचं दार सताड उघडं आणि आत एसी चालू. त्यांना दादा काही बोलत नाही. गिऱ्हाईक दुखावतं म्हणे.

संध्याकाळी मी आईला कोकम सरबत दिलं. तिने घोटभर घेऊन पेला बाजूला ठेवला. उशाशी पाण्याचा तांब्याही सकाळपासून तसाच भरलेला होता. खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली की कमी प्यायलं म्हणजे सारखं जावं लागत नाही. अंधारात उठताना एकदा तोल गेला होता, तेव्हापासून भीती बसली आहे. दादाला सांगितलं नव्हतं. बिल कमी झाल्याचा त्याला केवढा आनंद झालाय, तो कशाला घालवायचा?

सख्ख्या भावाबद्दल लिहू नये, पण मला त्याची किळस आली. अंगणात तो पाहुण्यांना सांगत होता की आता आईलासुद्धा विजेची शिस्त लागली आहे. त्याचा तो तुकतुकीत, समाधानी चेहरा बघवेना. मी त्याला हाताला धरून मागे नेलं, संडासात कमोडवर बसवलं आणि हलू नकोस म्हणून बाहेरून कडी घातली. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. थोड्या वेळाने फटीतला उजेड गेला.

"अगं, दार उघड."

"हात हलव," मी म्हणाले.

बाहेर आला तो घामाघूम होऊन. माझ्याकडे न बघता तो स्टुलावर चढला आणि सेन्सरवरचा एक बारकासा स्क्रू फिरवला. आता दिवा बराच वेळ राहील, म्हणाला. म्हणजे तो वेळ वाढवता येत होता, पहिल्या दिवसापासून. यानेच तो सगळ्यात कमीवर ठेवला होता. मग मला त्याच्याशी भांडायचीही शिसारी आली.

मी आईचा पेला पुन्हा भरून दिला. तिने आधी दादाकडे पाहिलं, आणि मग प्यायली.