विभागात पहिली, न लढता

माझ्या पोटाचं कधी कुणी कौतुक करेल असं मला वाटलं नव्हतं. ते मुलीच्या बॉक्सिंगच्या सरांनी केलं. एका संध्याकाळी मी तिला न्यायला गेलो होतो. सरांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मधे जरा जास्त वेळ थांबले आणि म्हणाले, "भाऊ, तुम्ही इतके दिवस होतात कुठे?"

होतो इथेच. आंब्याच्या कॅनिंग फॅक्टरीच्या ऑफिसात, लग्नाच्या आधीपासून एकाच खुर्चीत. त्या खुर्चीनं मला जे काही दिलं ते सगळं कंबरेभोवती जमा आहे. सरांना नेमकं तेच हवं होतं. मुलीच्या वजनाचं दुसरं कुणी माणूस त्यांच्या शेडमध्ये नव्हतं.

आमची मुलगी अंगानं थोराड. माझ्याकडची हाडं. लहानपणी तिच्या मापाचा फ्रॉक मिळायचा नाही म्हणून बायको मला बोल लावायची. कॉलेजात गेल्यावर मैत्रिणीबरोबर ती सहज म्हणून सरांच्या शेडमध्ये गेली आणि तिथलीच झाली. सर नौदलातून निवृत्त झालेले. पत्र्याच्या शेडमध्ये एक रिंग, टांगलेल्या दोन बॅगा, आणि सकाळी सगळ्यांना भाट्याच्या समुद्रकिनारी वाळूत पळवायचं, एवढाच त्यांचा कारभार. पण पोरं घडवायचे.

मुलगी सर्वांत वरच्या वजनगटात, म्हणजे मुलींमधली हेवीवेट. या गटाची गंमत मला नंतर कळली. खालच्या वजनांना मुलींची रांग असते, एकेका पदकासाठी चार-पाच लढती जिंकाव्या लागतात. वरच्या गटाला कुणी येतच नाही. जिल्ह्याच्या स्पर्धेत तिच्या गटात ती एकटी होती. तरी रीत म्हणून तिला हेल्मेट, ग्लोव्हज घालून रिंगमध्ये चढवलं. समोरच्या कोपऱ्यात कुणी नाही. माइकवरून विरोधी खेळाडूला बोलावलं. घंटा झाली, सगळे थोडा वेळ त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहिले, मग पंचांनी तिचा हात वर केला. सुवर्णपदक. पुढल्या वर्षीही तसंच, आणि विभागाच्या स्पर्धेतही. एकदा नाव आलं होतं एका मुलीचं, पण ती आजारी पडली. अशा रीतीनं आमची मुलगी एकही ठोसा न खाता क्रमवारीत विभागात पहिली झाली.

मी ऑफिसात पेढे वाटले. "रिंगमध्ये उभी राहिली की समोर यायची कुणाची छाती होत नाही," असं सांगत सुटलो होतो. ते शब्दशः खरंच होतं.

सरांना मात्र त्या पदकांचा राग होता. "वरच्या वजनाची पोरं पदकानं बिघडतात भाऊ," ते म्हणाले. "खालची पोरं मार खात खात वर येतात. ही आधी वर जाऊन बसतात, आणि मग एकदम कुणीतरी खरी समोर येते. या वेळी विभागाच्या निवडीला घाटावरून एक येते आहे. हिच्याच वजनाची, हाताची चपळ. त्याआधी हिच्यासमोर वजनदार माणूस हवा. उद्यापासून या."

"मी? अहो, मला साधं भांडता येत नाही."

"भांडायचं नाहीच. उभं राहायचं."

घरी बायकोला सांगितलं तर ती मासे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही डाससुद्धा हातानं हाकलता, मारत नाही. तुम्ही काय तिला शिकवणार?"

"उभं राहायचं आहे फक्त."

"ते जमेल," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी छातीपोटाला जाड गादीसारखं कवच बांधून, हेल्मेट घालून मी रिंगमध्ये शिरलो. दोरीखालून शिरताना अडकलो, ते सोडा. मुलगी समोर उभी राहिली आणि मला पहिल्यांदा लक्षात आलं की खांदे तिला आहेत आणि मला नाहीत. तिनं मारायला सुरुवात केली. कवचातूनही आतडी जागची हलत होती. भीतीनं मी डोळे मिटून दोन्ही हात समोर ढकलले, आणि त्यातला एक तिच्या नाकावर बसला. जोराचा नव्हता. दरवाजा पुढे ढकलावा तेवढाच.

मी डोळे उघडले. ती थांबली होती. दोन्ही हात खाली सोडलेले, तोंड किंचित उघडं, डोळ्यांत पाणी आणि नवल. लहानपणी टेबलाच्या कोपऱ्यावर आपटल्यावर रडायच्या आधी एक क्षण जशी बघायची, तशीच. जणू कुणीतरी येऊन टेबलाला रागावेल याची वाट बघत होती.

"लागलं काय गो?" मी विचारलं.

"लागलं की नाही ते नंतर," खालून सर म्हणाले. "हात कुठे आहेत तिचे, ते बघा."

हात मांड्यांशी होते. पुन्हा करून बघितलं. सरांनी स्वतः ग्लोव्ह चढवून तिला एक हलकी चापट दिली. तेच. जोवर मारत होती तोवर हात वर, आणि स्वतःला लागलं की हात खाली, चेहरा उघडा. आयुष्यात तिला कुणी मारलंच नव्हतं. शाळेत तिच्या वाटेला कुणी गेलं नाही, घरात आम्ही कधी हात उचलला नाही, आणि रिंगमध्ये रिकामा कोपरा.

सरांनी मला बाजूला घेतलं. "पहिला ठोसा कुणालाही बसतो. त्याचं काही नाही. दुसरा उघड्या चेहऱ्यावर बसला तर तो वाईट. तुम्ही रोज यायचं आणि तिच्या नाकावर मारायचं, हात वर राहीपर्यंत."

त्या दिवसापासून भीती माझ्या मागे लागली. ऑफिसात बिलं तपासताना समोर तो चेहरा यायचा. तो दुसरा ठोसा मी दिवसातून किती वेळा पाहिला असेल. कधी डाव्या बाजूनं यायचा, कधी उजव्या.

आणि मला मारता येईना. हात उचलायचा, तो तिच्या नाकापर्यंत जाता जाता आपोआप मऊ व्हायचा. ती हात वर ठेवायला शिकली, पण ते फक्त माझ्या मऊ हातापुढे. एके दिवशी रिंगमध्येच म्हणाली, "बाबा, तू मारत नाहीस. तू नुसता हात लावतोस."

"मारतो की."

"ताप बघतोयस असं वाटतं."

संध्याकाळी घरी आलो की बायको विचारायची, "आज मारलंत की नाही?" शेजारच्यांनी ते ऐकलं असतं तर आमच्याविषयी काय समज झाला असता कोण जाणे. एकदा मी तिला म्हटलं, "आपण नावच काढून घेऊ या. दुखापत झाली सांगू. पहिला नंबर गेला तर गेला."

ती म्हणाली, "तिला तुम्ही विचारा. माझ्यात हिंमत नाही."

मी विचारलं. मुलगी बुटाच्या नाड्या बांधत होती. "मी पण तोच विचार केला होता," ती म्हणाली. "मग वाटलं, नाही गेले तर ती मुलगी रिकाम्या कोपऱ्याशी जिंकेल. कसं वाटतं ते मला माहीत आहे. सगळे टाळ्या वाजवतात आणि आपण मनात म्हणतो, कळायला नको यांना."

"काय कळायला नको?"

"की मला भीती वाटते." नाडी पुन्हा सोडून ती पुन्हा बांधायला लागली. "हात खाली येतात ते मला कळत पण नाही, बाबा. आल्यावर कळतं."

यावर बापानं काहीतरी धीराचं बोलायचं असतं. मी तिच्या दुसऱ्या बुटाची नाडी बांधून दिली, तीही सैल.

निवडीची स्पर्धा आमच्याच गावात होती, एका शाळेच्या सभागृहात. सकाळी वजनं झाली. मी बाहेर पायरीवर बसलो होतो, तर दोन वेण्या वर बांधलेली एक उंच मुलगी केळं खात आली. "काका, पाणी कुठं मिळंल वो?" बोलण्यावरून घाटावरची कळली. मी तिला नळापर्यंत घेऊन गेलो. बाटली भरताना तिचे हात दिसले. मनगटं माझ्या पोटऱ्यांसारखी. "लई उकाडा हाय तुमच्यात," ती हसून म्हणाली. गोड पोर होती. तिच्याविषयी वाईट चिंतायचीही सोय राहिली नाही.

आपण बघायला येणार नाही, असं बायको आठवडाभर सांगत होती. लढतीच्या वेळेला ती माझ्या शेजारी होती.

घंटा झाली. आमची चांगली सुरू झाली, दोन ठोसे लागलेही. मग समोरचीचा सरळ डावा आला. आवाज मी सरावात कधी ऐकला नव्हता तसा होता, ओला कपडा दगडावर आपटल्यासारखा. आणि हात खाली आले. मला माहीत होतं येणार, तरी मी तोंडातल्या तोंडात "वर, वर" म्हणत राहिलो. दुसरा बसला. मी रोज पाहिलेला तोच, फक्त मी पाहिला होता त्याहून खूप वेगानं. ती दोरीवर गेली.

मी मान खाली घातली. बायकोनं माझं मनगट धरलं होतं, नखं रुतली होती, पण ती बघत होती. पंच मोजायला लागले. आठपर्यंत मोजतात आणि मग खेळाडूनं दोन्ही हात वर करून दाखवायचे असतात, नाही केले तर लढत संपली. मला मनापासून वाटलं, नको करूस. संपू दे. घरी जाऊ.

"केले," बायको म्हणाली.

मी वर बघितलं. हात हनुवटीशी होते. ओठ सुजायला लागला होता. डोळे मात्र घाटावरच्या मुलीवर होते, टेबलाला कुणी रागावायला येणार नाही हे कळल्यासारखे.

ती हरली. सरळसरळ हरली, तिन्ही फेऱ्या. दुसऱ्या फेरीत हात आणखी दोनदा घसरले, पण छातीपर्यंत, आणि परत गेले. तिसरीत तिनं एक असा मारला की उंच मुलीची वेणी सुटली. निकालात समोरचीचा हात वर झाला. आमची क्रमवारीत पहिलीवरून दुसरीवर आली. सर मला म्हणाले, "आता नंबर लागला."

घरी बायकोनं पेज केली, चावायला लागू नये म्हणून. मुलगी तोंडाच्या एका कोपऱ्यानं पीत होती आणि चमच्यानं दाखवत होती, तो ठोसा कुठून आला, ती कुठे बघत होती. "दुखलं," ती म्हणाली. "पण मला वाटलं होतं तेवढं नाही. मला वाटलं होतं काहीतरी तुटेल."

"काय तुटेल?" बायकोनं विचारलं.

"माहीत नाही. मीच."

बायको आत भांडं आणायला गेली. एवढा वेळ मी धरून ठेवलेली भीती तेव्हा सुटेल असं वाटलं होतं. उलट ती भीती पुढच्या गावांना निघाली. राज्यात त्या घाटावरच्या पोरीहून मोठ्या पोरी असतील, त्यांच्यापुढे आणखी मोठ्या. आता ही थांबणार नव्हती, हे सुजलेल्या ओठावरूनच दिसत होतं.

"बाबा, सोमवारपासून तू खरं मारायचं," ती म्हणाली. "आणि मी पण खरं मारणार. इतके दिवस मी तुला सांभाळून मारत होते."

आतड्यांची जी हलवाहलव मला आठवत होती ती सांभाळून केलेली होती, हे मला तेव्हा कळलं.

"येशील ना?"

तिला नाही म्हणायची मला जास्त भीती वाटली. मी हो म्हटलं.