सोन्याच्या गावात पलेग

आता हसायचं तर आधी कपातला चहा संपवा, नाहीतर नाकात जाईल! मी जी फजिती सांगणार आहे, तशी अख्ख्या कवठे महांकाळात कुणाची झाली नसेल.

लढाईच्या वेळची गोष्ट. मी पलटणीत, मिसर देशातल्या वाळवंटात. पाटणचा महादू लॉरी चालवायचा, मी त्याच्या शेजारी. एका दुपारी इंजिन तापलं, म्हणून त्यानं एका ओसाड गावाशी लॉरी थांबवली.

"गड्या, हितं गोऱ्यांची सोन्याची खाण हुती म्हणं. चल, बघू काय घावतंय का!"

आत गेलो. घरं उभी, दारं सताड उघडी, टेबलावर कपबशा तशाच. आणि माणूस म्हणाल तर औषधालासुद्धा नाही! सोनं सोडून कुणी जाईल का हो? आमच्याकडं गाव असं ओस पडायचं ते एकाच कारणानं. लहानपणी गावात उंदीर पटापट मरून पडायला लागले, तेव्हा आम्हीही घरदार टाकून माळावर झोपडीत राहिलो होतो. तेवढ्यात उंबऱ्याशी काय दिसावं? मेलेला उंदीर!

"महादू, पळ! पलेग हाय हितं!"

"आरं, कसला पलेग?"

मी कशाला ऐकतोय! पलेगची गाठ काखेत उठते, म्हणून पळता पळता काख चाचपली. शर्टावरनंच लागली की हो हाताला, चांगली सुपारीएवढी गाठ! घरी बायको, तान्ही लेक. लेकीचं तोंडही अजून पाहिलं नव्हतं. खरं सांगतो, रडलो मी.

"जवळ यिऊ नगंस, महादू! माज्या लेकीला सांग, तुजा बा..."

म्हटलं, आपण मेलो तरी चालेल, पण हा रोग छावणीत न्यायचा नाही. शर्ट, चड्डी, टोपी, सगळ्याचा ढीग केला, वर पेट्रोल ओतलं आणि काडी लावली. उरलो लंगोटावर!

महादू लांबून टक लावून बघत होता. एकाएकी तरातरा आला आणि माझा हात धरून वर केला.

"ही व्हय रं तुजी गाठ? तुज्या आईनं बांधलेला ताईत हाय ह्यो! दंडावरनं सरकून काखंत बसलाय."

"मग गाव कशानं उठलं?"

"सोनं संपलं, म्हणून उठलं! मागं ऱ्हाऊन काय वाळू खायाची व्हय?"

परत आलो, तर छावणीच्या फाटकावर नेमके आमचे सुभेदार उभे. आता कोर्टमार्शल होतंय की काय, म्हणून माझा जीव टांगणीला. तशातच लंगोटावर कडक सलाम ठोकला.

"कुटं गेलतास रं?"

"सोन्याच्या गावाला, साहेब."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आरं, लोकं तितनं सोनं घिऊन यायची. तू चड्डी दिऊन आलास व्हय?"